पाडलेलं कुठे पडतं

माझ्या दोन्ही बाळांनो,

मागच्या रविवारी फोनवर थोरलीनं सांगितलं की शाळेसाठी ती एक प्रकल्प करते आहे. येणारी क्षेपणास्त्रं आकाशातच पाडणारी यंत्रणा कशी चालते, तिला खर्च किती येतो आणि ती किती उपयोगी पडते, असा विषय. चौथ्या पानावर तिनं लिहिलं आहे की पाडलेल्या क्षेपणास्त्राचे तुकडे समुद्रात पडतात. बाईंनी विचारलं, ही माहिती कुठून घेतली? ती म्हणाली, आजीनं सांगितलं, आणि आजी शिक्षिका होती.

बाळा, ते पान बदलावं लागेल. मी तुला खोटं सांगितलं होतं.

पस्तीस वर्षं मी मुलांना इंग्रजी शिकवलं. वहीत चूक दिसली तर तिथल्या तिथे लाल खूण करायची, ही माझी सवय. आता स्वतःच्या वाक्याखाली खूण करायची वेळ आली आहे. तुमच्या आईला विचारलं, खरं सांगू का? ती म्हणाली, सांग, पण नीट सांग, घाई करू नको. म्हणून फोनवर न बोलता लिहिते आहे, आणि मराठीत लिहिते आहे. धाकट्याला वाचायला वेळ लागेल. लागू दे.

तिकडे परदेशात तुमच्या शहरावर हल्ले होत होते, त्या आठवड्यांत मी गडचिरोलीच्या घरी नव्हते, हे तुम्हाला आठवत असेल. दर वर्षी मोहफुलं पडायला लागली की मी एसटीनं कुरखेड्याला जाते, आणि तिथून भाऊ मोटारसायकलवर घ्यायला येतो. आमचं गाव जंगलाला लागून आहे. त्याच्या अंगणात फोनला रेंज फक्त विहिरीजवळ येते, त्यामुळे त्या हल्ल्यांच्या सगळ्या बातम्या मी विहिरीच्या कठड्यावर बसून ऐकल्या. तुमची शाळा बंद, तुम्ही आतल्या खोलीत, आई दवाखान्यात जास्तीच्या पाळीवर. तुमचे बाबा रोज सकाळी फोन करत. "आई, कालचीही सगळी पाडली. एकही आत आलं नाही. काळजी करू नका."

मी फोन ठेवला की भाऊ विचारायचा; मला तो बाई म्हणतो. तो आठवीपर्यंत शिकला, पण जगातली कुठलीही गोष्ट शेतात कशी दिसेल याचा विचार त्याच्या डोक्यात लगेच सुरू होतो.

"म्हंजे कसं, बाई? तिकून एक गोटा येऊन राह्यला, आन् इकून दुसरा गोटा मारून त्याले हवेतच पाडाचा?"

"हो, तसंच."

"जमते?"

"बहुतेक वेळा जमतं म्हणतात."

"चाळीस साल गोफण फिरवली मी. बसलेला राघू नाई सापडत मले, आन् हे उडता गोटा पाडते!"

वहिनी मोहफुलं पसरत होती. मान वर न करता म्हणाली, "राघू काऊन हालन? त्याले तुमचा नेम माहीत हाये."

भावानं तिकडे लक्ष दिलं नाही. "थो अडवाचा गोटा महाग असन ना?"

मी वाचलं होतं तेवढं सांगितलं. अडवणारं क्षेपणास्त्र येणाऱ्या वस्तूपेक्षा कितीतरी पट महाग असतं. एक चुकलं तर म्हणून कधी एकावर दोन सोडतात. ते बनायला महिनोन् महिने लागतात. आणि येणाऱ्यांपैकी काही तर अगदी स्वस्त असतात, फटफटीसारखं इंजिन लावलेली छोटी विमानं.

"मंग फेकणाराले काय? थो सस्ते सस्ते फेकत राहीन, इकडचा महागाचा साठा खलास होऊन जाईन," भाऊ म्हणाला. "डुकराचं बी हेच. पहिले दोनच येते. तुम्ही टिना वाजवून वाजवून थकून जाता, मंग मागचे वीस येते. फेकणाराचे दहा चुकले तरी चालते, बाई. अडवणाराले एकही चुकाची सोय नाई."

दूरचित्रवाणीवर चार तज्ज्ञ तासभर भांडत होते, तेच त्यानं विहिरीजवळ उभ्या उभ्या सांगून टाकलं. थोरले, हे वाक्य तू प्रकल्पात घेऊ शकतेस. कुणी सांगितलं तेही लिही.

आता त्या टिनांबद्दल सांगते. आमच्याकडे उन्हाळी धान लावलं की जंगल कोरडं आणि शेत हिरवं अशी स्थिती होते. मग रानडुकरं येतात. एका कळपानं एका रात्रीत बांधी लोळवली की तिथे कापायला काही राहत नाही. बांधी म्हणजे बांध घातलेला धानाचा एक तुकडा. म्हणून गावानं फार पूर्वी एक सोय केली आहे. ओळीनं सगळ्या शेतांतून बांबूवर एक लांब दोरी जाते. तिला जागोजागी तेलाचे रिकामे डबे बांधलेले, डब्यांत खडे. रोज एका घराची पाळी. त्या घरचा माणूस मचाणावर बसतो आणि चाहूल लागली की दोरी ओढतो. पहिल्या शेतापासून शेवटच्या शेतापर्यंत सगळे डबे वाजतात. पाळी ज्याची, त्यानं सगळ्यांचं राखायचं. आपलं शेत कुठे आहे ते त्या दिवशी बघायचं नाही. आमची बौद्धांची घरं, पलीकडची शेतकरी घरं, टोलीवरची, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतली, गोंड घरं, एरवी लग्नाला एकमेकांकडे जेवतील न जेवतील, पण दोरीची पाळी सगळ्यांना सारखी.

भाऊ साठीचा झाला. त्याला मचाणावर चढताना गुडघ्यावर हात टेकताना मी पाहिलं आणि ठरवलं की हे आता थांबवायचं. पेन्शनमधून बाजूला काढलेले पैसे होते. गडचिरोलीच्या एका दुकानातून झटका मशीन आणली. सोलर प्लेट, बॅटरी आणि शेताभोवती फिरवायची तार. डुकराला तार लागली की जोरदार झटका बसतो, ते मरत नाही, पळतं. मी सगळी पत्रकं वाचली, दोन दुकानांत चौकशी केली, बसवणाऱ्या माणसाकडून चालवण्याच्या सूचना लिहून घेतल्या. तुम्हाला माझी पद्धत माहीत आहेच.

एकच गोष्ट मी विचार न करता होऊ दिली. बसवणारा म्हणाला, "मॅडम, ही डब्यांची दोरी मधे मधे तारेनंच जोडलेली आहे. आपल्या तारेला टेकली तर करंट उतरून जाईल. इथून तोडावी लागेल." दोरी खरंच जुनी होती, तुटेल तिथे लोकांनी लोखंडी तारेचे जोड दिले होते. मी म्हटलं, तोडा. त्यानं पक्कडीनं दोन्ही टोकं कापली आणि डबे नीट गुंडाळून बांधावर ठेवले.

भावाच्या शेतापलीकडे, जंगलाच्या अगदी कडेला, फक्त एकच शेत आहे. चार बांध्या. एका बाईचं, सगळं गाव तिला मावशी म्हणतं. माझ्याच वयाची, एकटी, मुलगी लग्न होऊन अहेरीकडे गेलेली. वर्षभराचा भात ती त्या चार बांध्यांतून काढते. दोरी आमच्या शेतात तोडल्यावर मचाणावरून कुणीही दोरी ओढली तरी तिच्या शेतातले डबे वाजणार नव्हते, हे आम्हा तिघांपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही. भाऊ तर त्या दिवशी खुशीत होता. प्लेटवर हात फिरवून म्हणाला, "आता डुकरं येऊ दे. पाहुणचार करतो."

अकरा दिवस भावाच्या शेतात एक खूर उमटला नाही. मी रोज सकाळी तारेच्या कडेनं चालत जाऊन बघत असे. वहीत लिहिलं : परिणाम, शंभर टक्के. त्याच दिवसांत तुमच्या बाबांचा फोन यायचा, सगळी पाडली, आणि मला वाटायचं, तिकडे माझी लेकरं आणि इकडे माझा भाऊ, दोघांच्याही डोक्यावर काहीतरी आहे. मला फार बरं वाटत होतं, हे लपवत नाही.

त्याच आठवड्यात भावाची पाळी होती. तो मचाणावर गेला नाही. मला म्हणाला, "आपल्याले आता काय गरज?" मीही त्याला जा म्हटलं नाही. गुडघा दुखतो म्हणून तर मशीन आणली होती.

बाराव्या दिवशी सकाळी ती बाई अंगणात आली. रडत नव्हती. पदराच्या टोकात काहीतरी धरलं होतं. वहिनीनं चहा ठेवला, तिनं नको म्हटलं, आणि माझ्यासमोर पदर सोडला. चिखलानं भरलेल्या, तुडवलेल्या धानाच्या लोंब्या होत्या. दाणा अजून दुधात होता.

"मास्तरीणबाई," ती म्हणाली, "तुमच्या तारेनं डुकरं लय हुशार केले. पहिले सगळ्याइच्या वावरात थोडं थोडं खात होते. आता सीधे माह्याच घरी जेवाले येते."

"किती गेलं?"

"येऊन पाहा. मी सांगीन तं तुम्ही वहीत लिहान."

भाऊ खाटेवरून उठला. "मावशे, रागानं नको बोलू. बाईनं काही जाणून नाई केलं."

"तुले कोण बोलून राह्यलं? तुह्या पाळीच्या दिवशी तू कुठी होता, थे सांग पहिले."

भाऊ खाली बसला.

मी तिच्याबरोबर गेले. दोन बांध्या जमिनीला लागल्या होत्या. हाताएवढे खड्डे, उकरलेला बांध, त्यातून पाणी वाहून गेलेलं. बाकीच्या दोन अजून उभ्या होत्या, पण मधल्या बांधावरही खुरांच्या खुणा होत्या, म्हणजे कळपाला त्या माहीत झाल्या होत्या. आमच्या तारेपाशी येऊन खुणा वळल्या होत्या, अगदी पट्टी लावल्यासारख्या सरळ रेषेत. अकरा दिवस मी तारेच्या आतून चालत होते. बाहेरच्या बाजूला माझी नजर एकदाही गेली नव्हती. शंभर टक्के हे मी आतल्या बाजूचं लिहिलं होतं.

परत येऊन विहिरीजवळ बसले तर तुमच्या आईचा फोन आला. ती रात्रपाळी संपवून दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसली होती. तिच्या वॉर्डात एक गवंडी आला होता, तेलंगणाचा. आकाशात फोडलेल्या क्षेपणास्त्राचा एक तुकडा शहराबाहेरच्या मजुरांच्या खोल्यांवर पडला, पत्रा फाडून आत आला आणि त्याच्या पायावर पडला. आईची पहिली नोकरी तेलंगणाच्या सीमेवर, सिरोंच्याला झाली, त्यामुळे तिला कामापुरतं तेलुगू येतं. तो तिला सारखं विचारत होता की खोलीतले बाकीचे तिघं कुठे आहेत. ते तिघं जिवंत होते, आणि हे सांगायला तिला तेलुगू आलं याचंच तिला समाधान वाटत होतं. मी विचारलं, पण बातमीत तर सगळी पाडली म्हणाले? ती म्हणाली, "खरंच पाडलं होतं गं, आई. पाडलेलंच पडलं."

त्यानंतर तासाभरानं, थोरले, तू फोन केलास, आणि विचारलंस की पाडल्यावर ते पडतं कुठे. मी म्हटलं, समुद्रात. एक तर तू घाबरू नयेस असं वाटलं. दुसरं कारण हे की मी नुकतीच त्या शेतातून आले होते आणि मला त्या प्रश्नाचं उत्तर द्यायची लाज वाटत होती.

एक गोष्ट नीट समजून घ्या, दोघांनीही. ती यंत्रणा वाईट आहे असं मी म्हणत नाही. ती नसती तर ज्या इमारतीत तुम्ही दोघं बसला होतात तिचं काय झालं असतं, याचा विचार मी पुरा करू शकत नाही. भावाचं धान त्या तारेमुळेच वाचलं. ज्याच्या हातात अडवायचं साधन आहे त्यानं ते वापरू नये असं कुठली आजी म्हणेल? पण खर्च मोजताना आपण मशीनची किंमत मोजतो आणि उपयोग मोजताना आतलं मोजतो. त्या गवंड्याचा पाय कोणत्या रकान्यात लिहायचा, हे तुझ्या प्रकल्पात असायला हवं.

संध्याकाळी विहारासमोर लोक बसले. बैठक बोलवायची आमच्याकडे वेगळी पद्धत नाही, गोष्ट पसरली की लोक येऊन बसतात. मी उभी राहिले आणि म्हटलं, दोरी मी तोडायला सांगितली. चूक माझी आहे. दोन बांध्यांचं धान मी विकत घेऊन देईन.

ती बाई म्हणाली, "माह्या वावरातलं आणून देता का? दुकानातलं घेऊन मी काय करू? उरलं थे वाचवा पहिले."

मग वाद झाला. कुणी म्हणालं, सगळ्या शेतांना तार फिरवा. हिशेब करायची गरजच नव्हती, तेवढा पैसा गावात नाही हे सगळ्यांना माहीत होतं. कुणी म्हणालं, मशीन काढून टाका. टोलीवरचा एक म्हातारा खूप वेळ तंबाखू मळत होता. तो म्हणाला, "काढाची काऊन? आणली हाये तं लावा. पण घराभोवती कुंपण करता तसं वावराभोवती नका करू. जंगलाकडून लावा, एक लाइन. मावशीच्या वावरापासून सुरू करा, जिथपर्यंत पुरन तिथपर्यंत. टोकं उघडे राहीन, तिथी दोरी. आन् पाळी."

तार मोजली. जंगलाच्या कडेनं लावली तर तिच्या शेताची ती बाजू पूर्ण झाकली जात होती, भावाची अर्धीच. त्याच्या दोन बांध्या उघड्या राहणार होत्या. भाऊ म्हणाला, "मशीन माह्या बहिणीनं माह्यासाठी आणली." त्याचं चुकलंही नव्हतं, मी खरंच त्याच्यासाठीच आणली होती. चाळीस वर्षं राखण केलेल्या माणसाला दोन बांध्या मोकळ्या सोडा म्हणणं सोपं नाही. मी त्याच्याकडे पाहू शकले नाही.

वहिनी मागून त्याच्या गुडघ्याकडे बोट दाखवत बोलली. "बाईनं तुमच्या टोंगळ्यासाठी आणली. टोंगळा कुठी जाते? घरीच राहते. आतापासून मी बसते मचाणावर तुमच्या पाळीला. तुम्ही भात रांधा."

लोक हसले. भाऊही हसला, पण उशिरा. मग म्हणाला, "रांधीन. पण मीठ किती टाकाचं थे लिहून ठेव."

दुसऱ्या दिवशी आम्ही तार काढली. बसवणाऱ्या माणसाला बोलावलं नाही, सूचना माझ्याकडे लिहिलेल्या होत्या, त्या वाचून मी सांगत गेले आणि लोकांनी खांब उपटून जंगलाच्या कडेला रोवले. दोरीतले सगळे लोखंडी जोड काढून तिथे नायलॉन घातलं, म्हणजे तारेला टेकली तरी करंट उतरणार नाही. ही एवढी साधी गोष्ट पहिल्या दिवशी मला सुचायला हवी होती. ती बाई दिवसभर माझ्याशी बोलली नाही. दुपारी सगळ्यांबरोबर मलाही तिनं आंबील दिली, वाटी हातात न देता बाजूला ठेवून. मी प्यायले. संध्याकाळी जाताना म्हणाली, "उद्या पाळी कोणाची, थे वहीत लिहून ठेवा. लोक विसरते." त्या दिवसापासून पाळ्यांची यादी मी लिहिते. गडचिरोलीला असले तरी फोनवरून सांगते.

भावाच्या उघड्या राहिलेल्या दोनपैकी एका बांधीत डुकरं दोनदा आली. कोपरा गेला. तो तक्रार करतो, पण मावशीसमोर करत नाही. तो गवंडी आता कुबडीवर चालतो, असं तुमच्या आईनं सांगितलं. त्याला घरी पाठवण्याचे कागद तयार होत आहेत.

तेव्हा थोरले, चौथ्या पानावर लिही की पाडलेलं शहराबाहेर पडतं, जिथे कुणीतरी राहतं. धाकट्या, तू तिला हे वाचून दाखव, भले दोन दिवस लागोत.

मागच्या आठवड्यात कापणी झाली. मावशीच्या चारपैकी दोन बांध्या वाचल्या. त्यांचं धान वाळवून तिनं घरात भरलं आहे.